पट्टा विकत घेण्याआधी गाडीखाली वाकून बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमची फोर बाय फोर गाडी आहे. वर्षातून तीन-चार वेळा मी, नवरा आणि दोन मुलं कच्च्या रस्त्यांवर, नदीकाठी, टेकड्यांवर फिरायला जातो. गाडी बहुतेक मीच चालवते. मागच्या वेळी संध्याकाळ होत आली असताना ओल्या मातीत रुतलो. मागून आलेल्या एका गाडीवाल्याने ओढून काढलं. दोराचं एक टोक त्याने स्वतःच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला) अडकवलं, दुसरं आमच्या गाडीच्या पुढच्या बाजूला खाली दिसलेल्या एका कडीला. तिसऱ्या हिसक्याला कडी वाकली, पण गाडी निघाली. आता स्वतःचं सामान जवळ हवं असं वाटतं. भाऊ म्हणतो, विंच (दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र) बसव आणि तो उंच जॅक घे. ऑनलाइन एक तयार बॅग दिसते, तिच्यात पट्टा, शॅकल (पट्टा गाडीला जोडायची कडी), हातमोजे असं सगळंच आहे. नवरा म्हणतो, एवढ्याशा फिरण्यासाठी इतका खर्च कशाला, एक जाडजूड दोर पुरे. मुलं बरोबर असतात, म्हणून सगळी जबाबदारी माझ्यावर आहे असं वाटत राहतं. नक्की काय घेऊ?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता येऊन गेलंय, "कडी वाकली, पण गाडी निघाली." काय घ्यायचं ते ठरवण्याआधी या वाक्याबद्दल बोलायला हवं. गाडी निघाल्यावर वाटलेली सुटका मी समजू शकते. पण त्या दिवशी कडी नुसती वाकली आणि तुटली नाही, हे तुमच्या कुटुंबाचं नशीब होतं.

गाडीच्या पुढे खाली दिसणाऱ्या अशा बारीक कड्या बऱ्याचदा वाहतुकीसाठी असतात. नवी गाडी ट्रकवर किंवा जहाजावर चढवली की तिला खाली जखडून ठेवायला त्या वापरतात. तिथे ताण बेताचा असतो आणि तो खालच्या दिशेने येतो. रुतलेल्या गाडीला हिसका बसतो तेव्हा ताण समोरून येतो आणि तो काही टनांचा असू शकतो. टो-बॉलचं तर याहून वाईट. ट्रेलरचा भार आणि त्याची रस्त्यावरची ओढ सोसण्यासाठी तो घडवलेला असतो, पट्ट्याचा झटका सोसण्यासाठी नव्हे. तो मानेत तुटला की ताणलेल्या दोरात साठलेली सगळी ताकद त्या लोखंडी गोळ्याला मिळते आणि तो थेट मागच्या गाडीच्या काचेकडे सुटतो. अशा अपघातांत गाडीत बसलेल्या माणसांचे जीव गेले आहेत. म्हणून इथे तडजोड करू नका. टो-बॉलला पट्टा कधीच लावायचा नाही, झटका कितीही हलका देणार असले तरी.

तेव्हा तुमच्या यादीतली पहिली गोष्ट विकत घ्यायची नाही, शोधायची आहे. दिवसाउजेडी गाडी सपाट जागी उभी करा, गाडीचं माहितीपुस्तक हातात घ्या आणि पुढून-मागून खाली वाकून बघा. रिकव्हरी पॉइंट म्हणजे गाडी ओढून काढण्यासाठी चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जाड बोल्टांनी बसवलेला, बंद कडीचा किंवा भक्कम हुकाचा भाग. तो कशासाठी आहे हे पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि बाहेरून बसवलेला असेल तर त्याच्यावर किती भार चालतो तेही कोरलेलं असतं. बंपरची छोटी झाकणी काढून आटा फिरवत बसवायची कडी मिळाली, तर ती बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढून नेण्यासाठी आहे. झटक्याच्या कामाला ती लावू नका. मागे ट्रेलरसाठी चौकोनी नळी असेल तर टो-बॉलचा दांडा काढून तिच्यात भार कोरलेला रिकव्हरी ब्लॉक बसवता येतो. ती जागा चांगली.

पुढे धड जागाच नसेल तर तुमचा पहिला खर्च तोच: तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेले, भार प्रमाणित केलेले रिकव्हरी पॉइंट, जमल्यास दोन. गाडीला वेगळी चॅसी नसून सांगाडा एकसंध असेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, कारण तिथे बोल्ट नक्की कुठे पकडतोय यावर सगळं अवलंबून असतं. आणि ती वाकलेली कडी ज्या पत्र्याला जोडलेली आहे तो भाग एकदा गॅरेजमध्ये दाखवून घ्या. तिथे तडा गेला असेल तर वरून दिसणार नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीताकडे येते. तुम्ही, तुमचा भाऊ, तुमचा नवरा, तिघांचंही एका गोष्टीवर एकमत दिसतं, की गाडी रुतली म्हणजे ती ओढायची. मतभेद आहे तो फक्त कशाने ओढायची यावर. माझं म्हणणं असं, की तुमच्यासारख्या फिरण्यात बहुतेक वेळा ओढायची गरजच पडू नये.

रुतलेल्या गाडीबद्दल सैन्यात एक ढोबळ हिशेब वापरतात. गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाएवढी ओढ लागेल असं धरायचं, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट. अडीच टनांची गाडी चाकांपर्यंत रुतलेली असेल, तर मुळात अडीच टनांची ओढ आली. हा आकडा कमी करायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे फावडं. जितकी माती काढाल तितकी ओढ कमी लागते, आणि थोडी जास्त काढली तर गाडी स्वतःच्या ताकदीवर बाहेर येते.

हे काम कसं दिसतं ते सांगते. चाक जागच्या जागी फिरायला लागलं त्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण अजून थोडं दाबलं की निघेल असं वाटतंच. पण दर फेऱ्याला टायर खोल जातो आणि थोड्या वेळाने गाडीचं पोट मातीवर टेकतं. खाली उतरा आणि मधल्या भागाखाली हात घालून बघा. हात सहज आत जातो की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला तो गोल फुगीर भाग, मातीत बसलाय? बसला असेल तर आधी तिथली माती काढा, कारण गाडीचं वजन पोटावर असताना चाकांवर पकडच येत नाही. मग प्रत्येक चाकापुढे किंवा मागे, जिकडे निघायचं तिकडे, लांब आणि हळूहळू चढत जाणारा उतार खणा. टायरला चिकटून खड्ड्याची उभी भिंत राहिली असेल तर ती आधी मोडा. आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे निघायचं आधी बघा. तिथली जमीन गाडीने नुकतीच दाबलेली असते आणि पलीकडे किती चिखल आहे हे कोणालाच माहीत नसतं.

फावड्यानंतर हवा. टायरमधली हवा कमी केली की जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, वजन पसरतं आणि पकड वाढते. रस्त्यावर तुम्ही ३२-३५ पीएसआय ठेवत असाल तर मऊ वाळूत १८ ते २०, चिखलात २२ ते २५ पासून सुरुवात करा. १५ च्या खाली जाऊ नका, कारण वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना हळू चालवायचं, स्टिअरिंग झटक्याने फिरवायचं नाही आणि डांबरी रस्ता लागला की वेग घेण्याआधी हवा परत भरायची. कमी हवेत वेगाने गेलात तर टायर तापतो आणि फुटतो. यासाठी दोन वस्तू हव्यात, नीट मोजणारा गेज आणि बॅटरीला थेट क्लिप लावून चालणारा कॉम्प्रेसर. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर मोठ्या टायरना फार वेळ घेतात आणि चारही चाकं भरता भरता तापून बंद पडतात. रुतल्यावर हवा सोडण्यापेक्षा वाळूत शिरण्याआधी सोडली तर अर्ध्याहून अधिक त्रास होतच नाही, हेही लक्षात ठेवा.

तिसरी वस्तू ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे दातेरी प्लास्टिकच्या त्या लांब फळ्या. एकट्या गाडीने फिरणाऱ्या कुटुंबासाठी त्या मला विंचपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी वाटतात. फक्त माती न काढता टायरपुढे टाकल्या तर काम करत नाहीत. आधी खणायचं, मग फळीचं टोक टायरखाली जाईल तेवढं खुपसायचं, खालच्या गिअरमध्ये अगदी हळू निघायचं. फळीवर चाक फिरलं तर तिचे दाते घासून, वितळून जातात. प्रत्येक फळीला भडक रंगाची दोरी बांधून ठेवा. गाडी निघाली की फळी चिखलात गाडली जाते आणि ती शोधायला दोरीच उपयोगी पडते. गाडी निघताना फळीच्या मागे-पुढे कोणी उभं राहू नये, कारण ती उडून पायावर बसू शकते.

तर तुमच्या पैशांचा पहिला वाटा इथे जाऊ दे: रिकव्हरी पॉइंट, लांब दांड्याचं फावडं, गेज, कॉम्प्रेसर, दोन चांगल्या फळ्या, जाड हातमोजे. रिकव्हरी पॉइंट सोडले तर यांतल्या कशालाही दुसरी गाडी लागत नाही, आणि बाकीचं काही चुकीचं वापरलं गेलं तरी सहसा कोणाच्या जिवावर बेतत नाही. ओढायच्या सामानाबद्दल असं म्हणता येत नाही, म्हणून ते नंतर.

आता दोर. खर्च बेताचा ठेवा हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला पटतं. "जाडजूड" ही कसोटी मात्र चुकते. दोर दोन जातींचे आहेत आणि दुकानात ते शेजारी-शेजारी टांगलेले असतात. पॉलिएस्टरचा पट्टा जवळजवळ ताणत नाही. बंद गाडी रस्त्यावर ओढायला, झाडाला वेढा द्यायला तो चांगला. त्याने रुतलेल्या गाडीला हिसका दिला तर सगळा धक्का एका क्षणात हुकावर येतो. नायलॉनचा स्नॅच पट्टा साधारण २० टक्के ताणतो, नायलॉनचाच विणलेला काइनेटिक दोर ३० टक्क्यांपर्यंत. ९ मीटरचा पट्टा २० टक्के ताणला म्हणजे जवळपास दोन मीटर लांबला. तेवढ्या अंतरात तो ओढणाऱ्या गाडीची गती साठवतो आणि मग रुतलेल्या गाडीला हळू पण जोरात खेचतो. तुम्हाला हा दुसरा हवा.

ताकद किती? दोन गाड्यांपैकी हलकीचं भरलेलं वजन घ्या, म्हणजे माणसं, सामान, इंधन सगळं धरून, आणि पट्ट्याची तुटण्याची मर्यादा त्याच्या दुप्पट ते तिप्पट ठेवा. गाडी २,५०० किलोंची असेल तर ५,००० ते ७,५०० किलोंचा पट्टा. याहून फार दणकट घेतला तर तो ताणणारच नाही, मग नायलॉन घेऊन फायदा काय? ज्या पट्ट्यावर ही मर्यादा छापलेलीच नाही तो घेऊ नका.

जोडणीला दोन शॅकल लागतील. लोखंडी धनुष्याकृती शॅकलवर ३.२५ टन किंवा ४.७५ टन असा आकडा कोरलेला असतो. तो सुरक्षितपणे वापरायचा भार आहे, तुटायची मर्यादा त्याच्या कित्येक पट असते. पट्ट्यावरचा आकडा बहुधा तुटायचा असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून लोकांची हमखास गल्लत होते. पिन हाताने पूर्ण आवळायची आणि किंचित मागे फिरवायची, नाहीतर ताण आल्यावर ती अशी बसते की पान्यानेही सुटत नाही. मी तुमच्या जागी असते तर जिथे बसतील तिथे सॉफ्ट शॅकल घेतले असते, म्हणजे दोराच्या विणीचे. वजन नगण्य, त्यामुळे काही तुटलं तरी हवेत लोखंड उडत नाही. मात्र धारदार कडेवर ते कापले जातात, तेव्हा रिकव्हरी पॉइंटची कड गोल आहे ना हे बोट फिरवून बघा. दोन पट्टे एकमेकांना जोडायची वेळ आली तर मध्ये लोखंडी शॅकल कधीच नको, पट्ट्याचे फासेच एकमेकांत ओवा.

ऑनलाइनची बॅग याच कसोट्यांवर तपासा. पट्टा नायलॉनचा की पॉलिएस्टरचा, मर्यादा छापली आहे का, शॅकलवर आकडा कोरला आहे का. पट्ट्याच्या टोकांना स्प्रिंगचे लोखंडी हुक शिवलेले दिसले तर ती बॅग सोडून द्या. चांगली बॅग मिळालीच तरी ती तुमच्या गाडीच्या वजनाला साजेशी असेलच असं नाही. सुट्या वस्तू घेतल्या तर खर्च फारसा वाढत नाही आणि काय घेतलंय ते तुम्हाला नक्की ठाऊक असतं.

भावाच्या सल्ल्याबद्दल. विंच वाईट नाही. पण तो गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकदीचा लागतो, म्हणजे अडीच टनांच्या गाडीला पावणेचार टनांच्या आसपास. तीही ताकद ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना मिळते, थर वाढतील तशी घटत जाते. त्याचं आणि त्याच्या बंपरचं वजन कायम पुढच्या स्प्रिंगांवर राहतं, बॅटरी धडधाकट लागते आणि समोर झाड, खडक किंवा दुसरी गाडी असं काहीतरी भक्कम लागतं. मोकळ्या वाळूत किंवा नदीकाठी ते मिळेलच असं नाही. वर्षाकाठी तीन-चार फेऱ्यांत तो बहुतेक नुसता मिरवला जाईल, आणि गरज पडेल तेव्हा तुमचा हात त्यावर बसलेला नसेल. पुढे तुम्ही एकट्याच गाडीने झाडीत, चिखलात नेमाने जायला लागलात तर हा विचार पुन्हा करा.

उंच जॅकबद्दल मात्र मी सरळ नको म्हणेन. तो अरुंद पायावर उभा असतो, मऊ जमिनीत तिरका होतो, आणि खाली उतरवताना दांडा हातातून सुटला तर माणसाच्या तोंडावर बसतो. शिवाय प्लास्टिकच्या बंपरच्या गाडीला त्याचा जबडा टेकवायला जागाच नसते. तुमचा नेहमीचा जॅक आणि त्याखाली ठेवायला एक रुंद जाड फळी पुरेल. आणि मऊ जमिनीवर जॅक लावलेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही.

तुम्ही सामानाबद्दल विचारलंत, पण पुढच्या वेळी खरी कसोटी दुसरीकडे लागेल असं मला वाटतं. संध्याकाळ होतेय, मुलं कंटाळलीत, कोणीतरी भला माणूस स्वतःहून थांबलाय आणि दोर घेऊन टो-बॉलकडे निघालाय. अशा वेळी त्याला थांबवायला संकोच वाटतो. मदत करणाऱ्याला काय शिकवायचं, असं वाटतं. थांबवा. "दादा, फार उपकार झाले. एक मिनिट, माझ्याकडे पट्टा आणि शॅकल आहेत, तुमच्या गाडीचा हुक कुठे आहे ते बघू या," एवढं म्हणा. बहुतेक माणसं यात वाईट वाटून घेत नाहीत. त्याच्या गाडीला धड जागा नसेल तर हिसका घेऊ नका. फावड्याने आणखी खणा, गाडीला मिळून धक्का द्या, फळ्या पुन्हा लावा. रात्र तिथे काढावी लागली तरी चालेल, म्हणून पाणी, टॉर्च आणि पांघरूण गाडीत असू दे. तुमचा स्वतःचा पट्टा असण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच दिसतो, की काय वापरायचं आणि काय नाही हे ठरवणं तुमच्या हातात राहतं.

ओढायचं ठरलंच तर मुलांना आधी उतरवा. ती आणि बाकी सगळे पट्ट्याच्या रेषेत नकोत, बाजूला आणि पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब हवेत. दोन्ही गाड्यांत फक्त चालक, सीटबेल्ट लावलेले. पट्ट्याच्या मधोमध जड डॅम्पर (तुटलेला पट्टा उसळू नये म्हणून टाकायचं वजन) किंवा वाळू भरलेली पिशवी टाका. पट्टा दोन-तीन मीटर सैल ठेवून ओढणाऱ्याने चालण्याच्या वेगाने सुरुवात करायची, गरज वाटली तरच थोडा वेग वाढवायचा. वेग दुप्पट झाला की झटक्याची ऊर्जा चौपट होते, म्हणून "लांबून जोरात येतो" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. दोन-तीन प्रयत्नांत नाही निघाली तर पुन्हा फावडं हातात घ्या. नायलॉन दर ओढीला तापतो, त्यालाही थोडी विश्रांती लागते.

जबाबदारी सगळी माझी, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही स्टिअरिंगवर असता तेव्हा बाहेर उभा राहून खुणा करणारा माणूस तुमचा नवराच असणार. पट्टा कुठे लावायचा, पिन किती आवळायची, कोणती खूण म्हणजे थांब, हे त्याला तुमच्याइतकंच यायला हवं. मोठ्या मुलालाही एक काम द्या, धाकट्याला घेऊन ठरलेल्या जागी उभं राहायचं. सामान आलं की एखाद्या मोकळ्या मैदानात दोघं मिळून टायरची हवा सोडून परत भरा, किती वेळ लागतो ते बघा. फळ्या लावा, शॅकल लावून काढा. हिसक्याचा सराव मात्र जाणकार माणूस बरोबर असतानाच करा. आणि पुढे ओली माती दिसली तर गाडी थांबवून आधी पायी चालत जा. टाच आत जातेय असं दिसलं तर गाडी वळवा. मागे फिरायचं ठरवणं हेही चालवणाऱ्याचंच काम आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

फेरी झाली की पट्टा साध्या पाण्याने धुवा. मातीचे कण आत राहिले तर धागे आतून कापले जातात. सावलीत पूर्ण वाळवून, उन्हापासून दूर ठेवा. ओल्या नायलॉनची ताकद कमी होते, म्हणून ओलाच गुंडाळून ठेवू नका. घडी घालताना पूर्ण लांबीवर हात फिरवून बघा. कुठे चीर, उसवलेली शिवण किंवा जळाल्यासारखा कडक भाग लागला तर तो पट्टा ओढायच्या कामातून काढून टाका. त्याचे तुकडे करा, म्हणजे घाईच्या वेळी कोणी चुकून तो गाडीला लावणार नाही.